चिऱ्यावर उरलेला दगड

चिऱ्यावर एक दगड उरला होता.

गाडी सुरू होती. गफूरभाईंनी हॉर्न वाजवला, थांबून पुन्हा वाजवला, तरी मी चिऱ्यापाशी उभीच. शेवटी वृंदाताई यादी हातात घेऊन खाली उतरल्या.

"ठकूआजी, काय झालं? सगळे बसलेत."

"सगळे नाय बसले, ताई. एक जण आत आहे."

"अहो, मी दोनदा मोजलं. यादीतली सगळी नावं गाडीत आहेत."

"यादीत नसलेली किती आली सकाळी? ती जीप मागून आली, त्यातली माणसं कोणी लिहून घेतली?"

वृंदाताई चिऱ्याकडं वळल्या. लिंबाएवढा काळसर दगड होता तो. त्यांना तो दगड दिसत होता. मला माणूस दिसत होतं.

आमची वाडी अकोले तालुक्यातल्या डोंगरात, आणि वाडीच्या वर देवाची राई. राईच्या तोंडाशी वाटेवर एक आडवा चिरा आहे, गुडघ्याएवढ्या उंचीचा. हिरड्याच्या दिवसांत बाया राईतून पलीकडच्या रानात जातात, तेव्हा प्रत्येकीनं आत शिरताना चिऱ्यावर एक दगड ठेवायचा आणि परत येताना आपला आपण उचलून टाकायचा. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही. चिऱ्यावर दगड असेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. माझ्या सासूच्या सासूपासून हे चालत आलं. बिबट्या, साप, कडा, काय काय आहे आत. बाई मागं राहिली तर कळणार कसं? दगडावरून कळायचं.

वृंदाताईंची संस्था सिन्नरची. मन थकलेली माणसं त्या राईत घेऊन यायच्या. कोणाचा नवरा गेलेला, कोणी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करून पिचलेलं, कोणाला झोपच येत नाही. डॉक्टरही पाठवायचे. दिवसभर झाडांत राहायचं, पाण्याजवळ बसायचं, दुपारी नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं कढण खायचं, आणि संध्याकाळी परत. 'रानसोबत' असं नाव होतं. इथली सगळी व्यवस्था माझ्याकडं होती. चूल, पाणी, वाट साफ करणं, कोण कुठं बसणार ते ठरवणं. प्रत्येकाला तासभर एकटं एका झाडाखाली गप्प बसायचं असायचं. मी आदल्या दिवशी जाऊन जुन्या लुगड्याच्या चिंध्या झाडांना बांधून यायचे. वाटेवरून दिसेल असंच झाड निवडायचे. फार रडणाऱ्याला पाण्यापासून लांब ठेवायचे. आणि कड्याच्या बाजूला माझा दीर सोमा बसायचा. त्याला सांगून ठेवलं होतं की कोणाशी बोलायचं नाही, कोणाला अडवायचं नाही, नुसतं दिसत राहायचं. अशी माणसं आणायची म्हटल्यावर कड्याची भीती मनात असायचीच. तिचं नाव कोणी घेत नसे.

पन्नाशी उलटल्यावर मी साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकले, त्यामुळे यादी मलाही वाचता यायची. पण यादीवर शेजारणीची सही शेजारीण करते. दगड ज्याचा त्यानंच ठेवावा लागतो. म्हणून मी संस्थेच्या माणसांनाही चिऱ्यावर दगड ठेवायला लावायचे. त्यांना त्याची गंमत वाटायची. कोणी फोटो काढायचे.

त्या दिवशी सकाळी फक्त एका बाईला गंमत वाटली नव्हती. कुलथेबाई. सोनाराच्या घरची, गोरी, पन्नाशीच्या आतली, पण केस पार पांढरे. सगळे आत गेले तरी ती चिऱ्यापाशी वाकलेली.

"आजी, आणि दगड राहिला तर?"

"राहिला तर आम्ही जात नाय. शोधतो."

"कुठपर्यंत?"

"सापडेपर्यंत."

"सापडेपर्यंत?" तिनं परत विचारलं.

"सापडेपर्यंत हो, बाई. भिऊ नका. आमच्या राईत माणूस टाकून कोणी जात नाय."

ती भ्याली असेल असं मला वाटलं. मी तिचा हात धरून आत नेलं आणि तिला जांभळाचं झाड दिलं, वाटेलगतचं. दुपारी जेवायला बसली तेव्हा तिनं एक भाकरी अर्धी खाल्ली आणि दुसरी रुमालात बांधून घेतली. आवडली असेल, असं म्हणून मी आणखी एक तिच्या रुमालात घातली.

आणि आता दिवस डोंगराआड चालला होता. पौषातला दिवस तो, बघता बघता जातो.

सोमा गाडीच्या मागून आला. "काय गं वहिनी?"

मी चिऱ्याकडं बोट केलं. त्याचा चेहरा उतरला.

"मी जेवायला उठलो होतो," तो म्हणाला. "तेवढाच येळ. तेवढ्यात कोणी..."

"आधीच मनाला लावून घेऊ नका, भावजी. बघू चला."

"कड्याखालच्या नाळंत मी जातो."

"एकटे नका जाऊ."

तो निघालाही होता. वृंदाताईंनी गाडी बंद करायला सांगितली. गफूरभाई कुरकुरले, "आजी, एका दगडासाठी? माकडानं ठेवला असेल."

"माकड उचलतं, गफूरभाई. ठेवत नाय."

मग मात्र तेही बॅटरी घेऊन उतरले. वाडीतले दोघं तिघं आले. गाडीतली माणसं आधी खिडकीतून बघत होती, हळूहळू तीही खाली आली. मी त्यांना वाटेच्या कडेनं हाताच्या अंतरावर उभं केलं आणि म्हटलं, वाट सोडायची नाही, उभ्या जागेवरून आवाज द्यायचा.

"नाव काय घ्यायचं?" वृंदाताईंनी विचारलं.

"नाव कुठं माहीत आहे? नुसतं 'ओऽऽ' ओरडा."

"ओऽऽ!"

"ओऽऽऽ!"

राई अशी ओरडल्यावर पाखरं उठतात, आणि मग एकदम सगळं गप्प होतं. त्या गप्पपणात आम्ही कान देत होतो. काहीच येत नव्हतं. एक रिटायर मास्तर होते त्या माणसांत, बायको गेल्यापासून कोणाशी बोलत नव्हते म्हणून लेकीनं पाठवलेले. दिवसभर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. ते आता घशाच्या शिरा ताणून ओरडत होते. सकाळपासून एकमेकांकडं न बघणारी माणसं एकमेकांना सांगत होती, "थांबा, थांबा, काहीतरी वाजलं." पाला वाजला की सगळे श्वास धरायचे. शेकरू असायची.

कुलथेबाई माझ्या मागं मागं होती. तिला मी वाटेवर उभं केलं तर ती थांबायची नाही.

"आजी, त्या उंबराकडे बघितलं का?"

"बघितलं."

"परत एकदा बघू या ना. मोठ्यानं हाक मारू या. कधीकधी लगेच ऐकू नाही येत."

आम्ही परत उंबराकडं गेलो. तिचे डोळे चमकत होते, श्वास लागला होता, पदर काट्यात अडकून फाटला तरी तिचं लक्ष नव्हतं. मला बरं वाटलं. म्हटलं, परक्या माणसासाठी बाई किती जीव टाकतेय.

आणि तेवढ्यात खालून, नाळेच्या घळीतून, सोमाचा आवाज आला. ती ओ नव्हती.

शेवाळावरून पाय सटकून तो दोन खडकांच्या मधे पडला होता. आम्ही पोचलो तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळलेला. ओठ चावून पडला होता गडी, पण मला बघून पहिलं काय म्हणाला, तर "हितं खाली कोणी नाय पडलेलं, वहिनी. मी पार बघितलं."

कारवीच्या काठ्या पायाला बांधल्या, घोंगडीत घालून चौघांनी त्याला चिऱ्यापर्यंत आणला. त्याला खाली ठेवला तेव्हा अंधार पडत आला होता. गाडीत त्याला आडवं घालता येणार नव्हतं, म्हणून गफूरभाई जीपवाल्याला शोधायला पळाले. वृंदाताई फोनला रेंज मिळावी म्हणून वरच्या टेपाडावर चढल्या. तिथून त्या ओरडून सांगत होत्या. "पोलिसांना कळवते. वनखात्यालाही. कड्याखाली दोर सोडून शोधावं लागेल."

मी सोमाच्या उशाशी बसले होते. कुलथेबाई माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली.

"आजी, पोलिसांना नका बोलावू."

"का?"

"ते शोधत नाहीत."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं रुमालातली भाकरी दोन्ही हातांत धरली होती.

"तो दगड माझा आहे," ती म्हणाली.

"तुमचा तुम्ही उचलला की. मी समोर होते."

"तो माझा होता. हा परागचा."

"कोण पराग?"

"माझा मुलगा."

मला वाटलं, पोरगा बरोबर आला होता आणि मलाच दिसला नाही. मी उठायला लागले. तिनं माझं लुगडं धरलं.

"इथे नाही आला तो. कधीच नाही आला. गाडीत पेट्रोल भरून येतो म्हणाला आणि गेला. दोन वर्षं झाली. पोलिसांनी फोटो घेतला, कागद घेतला, म्हणाले कळवू. त्याचे बाबा म्हणतात, आपल्या पायानं गेलाय, आपल्या पायानं येईल. दीर म्हणतात, सारखा विषय काढू नका, घरात मुलीचं लग्न ठरतंय. आजी, कुणी एकदासुद्धा दाराबाहेर पडून हाक मारली नाही हो त्याला. एकदासुद्धा."

मी पुन्हा खाली बसले.

"सकाळी तुम्ही म्हणालात, सापडेपर्यंत शोधतो. म्हणून त्याचाही ठेवला. मला वाटलं नुसता ठेवावा, जाताना उचलू. पण मग तुम्ही थांबलात. सगळे खाली उतरले. ओरडायला लागले. इतकी माणसं! मला सांगायचं होतं, खरंच सांगायचं होतं, पण तोंड उघडेना. वाटलं, अजून थोडं. अजून थोडं शोधू दे."

घोंगडीवर सोमा कण्हला. माझा हात वर गेला होता. कधी गेला ते मला कळलं नाही. तिनं तो बघितला आणि मान खाली घातली, मार खायला तयार असल्यासारखी. मी हात आवरला.

"उचला तो दगड," मी म्हणाले. "माणसं घरी जाऊ देत."

ती उठली, चिऱ्यापाशी गेली, वाकली. बोटं दगडाला लागली असतील नसतील. मग तिनं मला विचारलं, "मी उचलला, की शोध संपला ना, आजी?"

"संपला."

"आणि दुसऱ्याचा दगड उचलायचा नसतो ना?"

नियम मीच सकाळी सांगितला होता. सापडेपर्यंत, हेही मीच म्हटलं होतं, आणि ते बोलताना फार विचार केला नव्हता. सासूनं मला सांगितलं तसं मी सगळ्यांना सांगत आले होते. कोणी तो शब्द एवढा धरून ठेवील असं वाटलं नव्हतं.

मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

"नाव काय म्हणालात?"

"पराग."

"मग मघापासून आपण चुकीची हाक मारतोय. बिननावाच्या हाकेला कोण ओ देईल?"

मी हातांचा कर्णा केला आणि राईकडं तोंड करून हाक मारली. "परागऽऽ!"

तिचा आवाज फुटत नव्हता. दुसऱ्यांदा मारली तेव्हा तिचा आवाज माझ्यात मिसळला, आणि तिसऱ्यांदा मी गप्प राहिले. ती एकटीच ओरडली. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. राईनं तो आत घेतला आणि परत काही दिलं नाही.

टेपाडावरून वृंदाताई धावत खाली आल्या. "सापडलं का? कोण पराग?"

कुलथेबाईचा हात माझ्या हातात होता. गार पडला होता.

"आमच्या वाडीतला गुराखी," मी म्हणाले. "सकाळी दगड ठेवून गेला, न्यायचा विसरला. घरी पोचलाय म्हणं. माझीच चूक, ताई. मी आधी वाडीत विचारायला पाहिजे होतं."

"गुराखी? पराग नावाचा?"

"व्हय."

वृंदाताईंनी माझ्याकडं बघितलं. मग कुलथेबाईकडं, तिच्या फाटक्या पदराकडं, हातातल्या भाकरीकडं. येणाऱ्या प्रत्येक माणसाची हकिकत त्यांनी आधी बसून ऐकलेली असायची. त्यांनी कुलथेबाईचा पदर तिच्या खांद्यावर नीट केला. मग फोन पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "आजी, सोमाभाऊंचा पाय मोडलाय."

"माहीत आहे."

"हे मला संस्थेत सांगावं लागेल."

"सांगा."

जीप आली. सोमाला आडवा घातला, मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. राजूरच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता तेव्हा नुसता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला तो दात खायचा. घाटाच्या वळणावर त्यानं डोळे उघडले.

"वहिनी, माणूस घावलं का?"

"घावलं."

"जितं हाय?"

मी पदरानं त्याचं कपाळ पुसलं. मग म्हणाले, "हाय."

"मग झालं," म्हणून त्यानं डोळे मिटले.

महिन्याभरानं संस्थेची माणसं आली, भली माणसं होती. म्हणाली, आजी, दगडाची पद्धत आता नको, आपण सगळ्यांच्या मनगटाला रंगीत पट्टा बांधू आणि गळ्यात शिट्टी देऊ. मी बरं म्हणाले. तुमचं वय झालंय, तुम्ही स्वयंपाकाचं तेवढं बघा, म्हणाली. त्यालाही बरं म्हणाले. चिंध्या बांधायला दुसरी बाई नेमली. सोमाचा पाय जुळला पण आखूड राहिला. वृंदाताईंनी त्याच्या दवाखान्याचं सगळं बघितलं, आणि मला एकटीला गाठून कधीही काही विचारलं नाही.

दगड तिथंच होता. कुलथेबाईंनी उचलला नव्हता आणि मला उचलता येत नव्हता.

चैत्रात हिरडा सुरू झाला तेव्हा बाया अडल्या. चिऱ्यावर एक दगड आधीपासून, मग घरी जायचं कसं? त्यांना सांगावंच लागलं. त्यांनी ऐकून घेतलं. एक म्हणाली, टाकून द्या, अपशकुन आहे. दुसरी म्हणाली, तुझा असता तर? मग कोणी हात लावला नाही.

सोमानंही तो बघितला. काठी टेकत चिऱ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "वहिनी, तू घावलं म्हनली होतीस."

"व्हय."

"मग ह्यो कोनाचा?"

मी सांगितलं, सगळं. तो चिऱ्यावर बसला, आखूड पाय हातानं चोळत राहिला. मला वाटलं, आता शिवी देईल, आणि दिली असती तर मी ऐकून घेतली असती.

"म्हंजे ह्या पोराच्या पायी माझा पाय गेला," तो शेवटी म्हणाला. "येऊ दे त्याला. सांगतो त्याला चांगला."

पुढं किती हिरडे आले आणि गेले. माझे गुडघे गेले. मी आत जायचं सोडलं, पण संध्याकाळी चिऱ्यापाशी येऊन बसायचं सोडलं नाही. एका चैत्रात एसटीनं एक बाई आली आणि फाट्यापासून चालत वर आली. केसांवरून मी ओळखलं. तिनं मला नमस्कार केला आणि माझ्याशेजारी बसली. काही विचारलं नाही. चिऱ्याकडं बघितलं, आणि मग बघायचं बंद केलं.

मीही विचारलं नाही. तिच्या तोंडाकडं बघून उत्तर कळत होतं.

ऊन उतरलं तशा बाया डोक्यावर पाट्या घेऊन राईतून बाहेर यायला लागल्या. आपापला दगड उचलायचा, बांधाकडं भिरकावायचा आणि पाटी सावरायची. सगळ्यांत शेवटी रंजना आली, त्याच वर्षी लग्न होऊन वाडीत आलेली पोरगी. पाहुण्या बाईला ती ओळखत नव्हती. पुढं गेलेल्या सासूनं खालच्या वळणावरून तिला हाक मारली.

"रंजे, कोणी राहिलंय का गं मागं?"

रंजनानं आपला दगड उचलला आणि चिऱ्यावर नजर टाकली.

"कोणी नाय, आत्याबाई," ती ओरडली. "पराग तेवढा राहिलाय. त्याला उशीर होतो."